मसोबाचा उतार

श्रीपतरावांची जुनी गाडी गावात शिरण्याआधी लोकांच्या कानात शिरायची. मूळची ती पेट्रोलची मोटार, बिदरच्या कुण्या वकिलाची. पेट्रोल परवडेना म्हणून श्रीपतरावांनी ती उदगीरला नेऊन तिच्या पोटात डिझेलचं इंजिन बसवून आणलं. त्या काळात असं पुष्कळ जण करत. इंजिन दणकट होतं, पण त्या गाडीसाठी ते जन्मलेलं नव्हतं. सुरू झालं की दारं थरथरायची, काचा खडखडायच्या, आणि आतल्या दोघांपैकी एकाला काही सांगायचं असलं तर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं. खटकचिंचोळीतले लोक म्हणायचे, श्रीपतरावानं मोटारीत पिठाची गिरणी बसवलीया. लोकांच्या जिभेला हाड नसतं, पण कधीकधी ती पुढचं बोलून जाते.

गाडी चालवायचा पिराजी. हा भीमनगरातला. आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्याच सुमारास पिराजीच्या बापानं घरातले देव पाण्यात सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. पिराजी तेव्हा मिसरूड न फुटलेला. पुढं तो हैद्राबादेत ट्रकवर राहिला, गाडी शिकला, आणि लग्न होऊन गावी आला तेव्हा श्रीपतरावांना डायव्हर पाहिजे होता. भालकीला श्रीपतरावांची अडत होती. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या.

या फेऱ्यांचा एक रिवाज होता. गावातून निघताना मालक मागच्या सीटवर. वेशीबाहेर ओढ्याचा पूल लागला की पिराजी न सांगता गाडी थांबवायचा, श्रीपतराव उतरून पुढं त्याच्या शेजारी येऊन बसायचे. परत येताना त्याच पुलावर पुन्हा गाडी थांबायची, आणि मालक मागं जायचे. "मागं धूर येतोय," असं त्यांनी पहिल्या वेळी म्हटलं होतं. पुन्हा या गोष्टीवर दोघांत एक अक्षरही निघालं नाही. मला विचाराल तर त्या गाडीत धूर पुढंच जास्त यायचा.

भालकीकडून येताना पुलाच्या आधी मसोबाचा माळ लागतो. चढ मोठा दमवणारा. दुसऱ्या गिअरमध्ये, काळा धूर सोडत, बैलगाडीच्या बरोबरीनं ते इंजिन वर यायचं. माथ्यावर शेंदूर फासलेला मसोबाचा धोंडा, आणि तिथून खाली थेट पुलापर्यंत लांबलचक उतार. एका वर्षी डिझेलची मोठी टंचाई झाली. तेव्हा श्रीपतरावांनीच हुकूम केला, "उताराला इंजिन बंद करत जा." मग मसोबाशी पिराजी इंजिन बंद करायचा आणि गाडी आपल्या वजनानं खाली घरंगळत यायची. आमच्याकडे निम्मे डायव्हर हेच करायचे. त्यात नवल काही नाही.

नवल पुढं झालं. श्रीपतरावांच्या बायको वच्छलाबाई वारल्या. मुलगा उद्धव गुलबर्ग्याला रस्त्याच्या ठेकेदारीत होता, तो आला, सगळं रीतीनं केलं आणि बायकोला घेऊन परत गेला. घरात श्रीपतराव एकटे उरले. स्वयंपाकाला सोजराबाई यायची, झाकून ठेवून जायची. महिनाभरानं भालकीहून येताना मसोबाशी पिराजीनं इंजिन बंद केलं. एवढा वेळ कानात भरलेला दणदणाट एकदम थांबला. चाकांखालचे खडे वाजत होते, लांब कुणीतरी बैलाला हाकत होतं. आणि श्रीपतराव समोर बघत म्हणाले,

"पिराजी, घरात जेवताना मलाच माझा चावायचा आवाज ऐकू येतोय बघ."

पिराजीनं ब्रेकवरचा पाय जरा दाबला. गाडी हळू झाली.

"आकाशवानी लावत जावा," तो म्हणाला.

"लावतो की. ती माझ्याशी कुठं बोलतीया?"

"आमच्यात माय गेल्यावर बाप बैलाशी बोलत होता. बैल इकला तवा लई रडला."

एवढंच बोलणं झालं आणि पूल आला. श्रीपतराव मागं जाऊन बसले.

त्यानंतर तो उतार त्यांचाच झाला. डिझेल मुबलक मिळायला लागलं तरी मसोबाशी इंजिन बंद होत राहिलं. पिराजीच्या पोरीला बिदरला मास्तरणीच्या शिक्षणाला घालावं की लग्न उरकावं, उद्धव दिवाळीला येऊन एका मुक्कामात का परततो, पिराजीच्या बायकोचं, विमलबाईचं, गुडघ्याचं दुखणं, वच्छलाबाईंना न सांगता श्रीपतरावांनी विकलेली त्यांच्या माहेरची गाय, सगळं त्या उतारावर निघालं. एखादी गोष्ट पुलापर्यंत पुरी व्हायची नाही. मग ती पुढच्या फेरीला, जिथं तुटली तिथून सुरू व्हायची. गावात मात्र दोघं एकमेकांशी गाडी काढ आणि गाडी लाव यापलीकडं बोलत नसत. श्रीपतराव पुढच्या फेरीपर्यंत त्या उताराची वाट बघायचे. माणूस घरात एकटा असला म्हणजे त्याला असं काहीतरी लागतंच. ह्यांना उतार लागला.

आणि मग टर्बो आली.

उद्धवचं बरं चाललं होतं. बाप अजून त्या खटाऱ्यात धूळ खात फिरतो, याची त्याला लाज वाटायची आणि काळजीही. हैद्राबादेत परदेशी वकिलातीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. तिथून त्यानं एक पांढरी डिझेल जीपगाडी उचलली. मागं लाल अक्षरात 'टर्बो' लिहिलेलं. काचा बंद, आत थंड हवा, आवाज म्हणाल तर बारीक शीळ. जुनी मोटार त्यानं भंगारात घातली. तिचं इंजिन तेवढं कल्लप्पानं घेतलं आणि वेशीजवळच्या आपल्या पिठाच्या गिरणीला जोडलं. म्हटलं ना, जीभ पुढचं बोलून जाते.

उद्धवनं पिराजीला बॉनेट उघडून समजावलं. लहानपणी तो त्याला पिराजीमामा म्हणायचा. आता नुसतं पिराजी.

"जुनं इंजिन आपल्याच दमानं हवा ओढत होतं. जेवढी छाती तेवढा दम. ह्याला ह्या पंख्यानं हवा कोंबून देतात. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता पंखा फिरवतो. म्हणून चढाला बघ कशी पळते! पण एक ध्यानात ठेव. चढ चढून आल्यावर पंखा लाल झालेला असतो. लगेच बंद करायची नाही. इंजिन बंद म्हणजे तेल बंद, अन् पंखा तर फिरतच असतो, कोरडा. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची, मग बंद."

"व्हय," पिराजी म्हणाला.

गाडीत खोट नव्हती. मसोबाचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये, दम न लागता चढायची. श्रीपतरावांची पाठ दुखायची थांबली. पण पिराजीचं मत वेगळं होतं. ही मोठ्या रस्त्याची गाडी, तो म्हणायचा. आपल्या रस्त्याला पुढं बैलगाडी, मागं शेळ्या. हळू चालवली की ही झोपते. पाय दाबला तरी आधी काहीच नाही, आणि मग एकदम पाठीत धक्का दिल्यासारखी सुटते. तोवर पुढच्या बैलाची शेपटी आलेली असते. जुनी होती ती मुंगीच्या पावलानं जायची, पण हाक मारली की ओ द्यायची.

श्रीपतराव पुलाशी जागा बदलतच होते. आता मागं धूर येत नव्हता, तरीही. खरं तर आता बोलायला काही अडचण नव्हती. भालकी सोडल्यापासून घरापर्यंत आरामात बोलता आलं असतं, इतकी ती गाडी मुकी होती. श्रीपतरावांनी करून बघितलं.

"यंदा ज्वारी कशी हाय म्हणायची?"

"बरी हाय मालक."

झालं. पुढं काही सुचेना. थंड हवा अंगावर येत होती, शीळ वाजत होती, मसोबा आला आणि गेला, उतार आला आणि गेला. असं आठ-पंधरा दिवस चाललं. श्रीपतरावांना जेवण जाईना. उतार तोच होता, माणूस तोच होता, पण ते इंजिन थांबल्यावर जी शांतता पडायची ती काही पडत नव्हती, आणि ती पडल्याशिवाय त्यांच्यातला मालक काही उतरत नव्हता.

शेवटी एका फेरीला ते मसोबाशी म्हणाले, "पिराजी, बंद कर की."

पिराजीनं लगेच ओळखलं. त्यानं गाडी धोंड्याजवळ उभी केली. "दोन मिनिटं चालू ऱ्हाऊ द्या. दादांनी सांगितलंय. अन् बंद केली की हिचं स्टेअरिंग दगडावानी व्हतंय, ब्रेक घट्ट व्हतोय. हळूच जावं लागंल."

"हळूच जाऊ."

पहिल्या वेळी थांबले. गाडी बंद करून खाली घरंगळले, आणि खिडक्यांच्या काचा खाली घेऊन श्रीपतराव जे बोलायला लागले ते पुलापर्यंत थांबले नाहीत. पिराजी हसला, म्हणाला, लई साठलं होतं मालक.

दुसऱ्या वेळी मसोबाशी थांबले असताना भालकीकडून गावची बैलगाडी वर येताना दिसली. माथ्यावर झाड नाही, झुडूप नाही. पांढरी गाडी उभी, आणि पुढच्या सीटवर पिराजीच्या खांद्याला खांदा लावून श्रीपतराव. ते अस्वस्थ झाले. "चल, चल. बंद कर अन् सोड खाली."

"मालक, पंखा..."

"काय हुतंय एका वेळंला!"

एक वेळ कसली. त्यानंतर ती दोन मिनिटं श्रीपतरावांना कधीच काढवली नाहीत. दर फेरीला कुणीतरी येताना दिसायचं, नाही दिसलं तर येईल असं वाटायचं. चढ चढून तापलेली गाडी माथ्यावर येता येता बंद व्हायची. पिराजी प्रत्येक वेळी एकदा त्यांच्याकडं बघायचा. मग चावी फिरवायचा. पावसाळा गेला, ज्वारीची पेरणी झाली, तोवर गाडीची शीळ घोगरी झाली होती.

गाडी नेमकी कल्लप्पाच्या गिरणीपुढं बसली. निळा धूर एवढा निघाला की दळणाला आलेल्या बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी उद्धव बिदरहून भीमण्णा मिस्त्रीला घेऊन आला. गिरणीपुढंच बॉनेट उघडलं. वेशीजवळचं रिकामटेकडं गाव जमलं. भीमण्णानं पंखा बाहेर काढून बोटानं हलवला, तो खुळखुळला.

"तेल जळून गेलंय आत. गरम असताना बंद करत आलेत. एकदा न्हाई, लई येळा."

उद्धव पिराजीकडं वळला. "मी काय सांगितलं होतं तुला?"

पिराजीनं श्रीपतरावांकडं बघितलं. मसोबाशी बघायचा तसंच, एकदा. श्रीपतराव गिरणीच्या कट्ट्यावर काठी टेकून बसले होते. सगळं गाव बघत होतं. त्यांनी नजर वळवली आणि गिरणीच्या पट्ट्याकडं बघत राहिले.

"व्हय," पिराजी म्हणाला. "मीच बंद करत होतो. डिझेल वाचवायला."

त्यानं चावी बॉनेटवर ठेवली आणि भीमनगरच्या वाटेला लागला. उद्धवनं त्याला काढून टाकलं असं गाव म्हणतं, पण काढायला तो तिथं थांबलाच कुठं होता!

गाडी दुरुस्त झाली. उद्धवनं मारोती नावाचा नवा डायव्हर ठेवला. माणूस वाईट नव्हता. नियमाचा पक्का, आणि बोलका तर इतका की भालकी ते खटकचिंचोळी तोंड मिटायचा नाही. श्रीपतरावांना त्याच्याशी बोलायचं नव्हतं. ते सगळा रस्ता मागं बसायचे. पुलावर गाडी थांबायचं कारण उरलं नाही. घरापुढं आल्यावर मारोती न चुकता दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि श्रीपतरावही आतच बसून राहायचे. उतरायची घाई कशाला? घरात कोण होतं?

दुपारी कल्लप्पाची गिरणी सुरू व्हायची. ओसरीवर पडल्या पडल्या त्यांना ते इंजिन ऐकू यायचं. तोच दणदणाट. संध्याकाळी कल्लप्पा ते बंद करायचा, सगळीकडं शांत व्हायचं, आणि श्रीपतरावांचं तोंड आपोआप उघडायचं. ऐकायला कुणी नसायचं. एकदा त्यांनी खरंच म्हटलं, "पिराजी, ह्या साली थंडी लवकर पडली." मग स्वतःचीच लाज वाटून ते कुशीवर वळले. कितीदा मनात आलं की उठावं, जावं, सांगावं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते पुन्हा पडून राहायचे. मुठीत काय होतं, ते त्यांनाच ठाऊक.

मग एक दिवस भालकीहून येताना, मसोबाच्याच उतारावर, मारोती आरशातून मागं बघत म्हणाला, "मालक, तुमचा पयला डायव्हर डिझेल इकत होता म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"समदे म्हनायलेत. डिझेल वाचवत होता तर वाचल्यालं गेलं कुठं? मालकाला तर पत्ता न्हाई. भालकीत बी कुनी गाडीवर घेईना त्याला. आता रोजानं माती उचलायलाय."

श्रीपतरावांना एकदम घाम फुटला, त्या थंड हवेत. डिझेलचा थेंब इकडचा तिकडं न करणारा माणूस. त्यानं त्यांची लाज झाकायला एक शब्द वापरला, आणि गावानं त्याच शब्दात त्याला चोर केला. पूल गेला, वेस आली. गिरणी सुरू होती. कट्ट्याशी बायका होत्या, आणि एका कडेला ज्वारीचा डबा घेऊन पिराजी उभा होता. त्याच्यापासून सगळे जरा लांबच उभे होते.

"थांबव," श्रीपतराव म्हणाले.

ते उतरले, काठी टेकत गिरणीच्या दारात गेले आणि ओरडले, "कल्लप्पा, बंद कर!"

कल्लप्पाला ऐकू गेलं नाही. त्यांनी हातानं खूण केली. कल्लप्पानं इंजिन बंद केलं. पट्टा फटफट करत हळूहळू थांबला आणि ती शांतता पडली. श्रीपतरावांना ती ओळखीची होती. फक्त या वेळी तिच्यात वीसेक माणसं होती.

"पिराजीनं डिझेल इकलं न्हाई," ते म्हणाले. मग खाकरून मोठ्यानं म्हणाले. "उतारावर गाडी मी बंद करायला लावत होतो. मी. तो नको म्हणायचा."

दळणाच्या रांगेतली शरणम्मा म्हातारी म्हणाली, "कामून वो? डिझेल वाचवायला?"

"न्हाई. बोलायला."

"कुनासंगं?"

"पिराजीसंगं. मला दुसरं कोण हाय बोलायला, आक्का? घरात भिंती हायत."

कुणी हसलं नाही. कुणाला ते नीट कळलंही नसेल. पिराजीनं डबा खाली ठेवला.

"अन् माथ्यावर दोन मिनिटं थांबू कामून देत न्हवता," तो म्हणाला, "ते बी सांगा मालक."

हे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. श्रीपतरावांनी काठीवरची मूठ घट्ट केली. इंजिन सुरू करायला कल्लप्पाला सांगावं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"तुझ्या शेजारी बसल्यालं कुनी बघंल म्हणून."

बायकांनी माना खाली घातल्या. पिराजीनं मान हलवली, बरोबर आहे असं सांगावं तशी.

"चल परत गाडीवर," श्रीपतराव म्हणाले. "उद्धवला मी सांगतो. समदं सांगतो."

"सांगा दादाला. पन गाडीवर आता मी येनार न्हाई मालक. तो उतार लई लहान हाय. निम्मं बोलनं पुलावर मोडायचं." त्यानं कल्लप्पाकडं बघून डबा पुढं सरकवला. "बोलायचं असलं तर घरला या. माझ्या घरात इंजिन न्हाई."

"येतो की," श्रीपतराव म्हणाले, आणि थांबले. भीमनगर त्यांना ठाऊक होतं, लांबून. एवढी वर्षं हा माणूस त्यांच्या दारातून गाडी काढत होता, लावत होता. त्याचं दार कुठलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पिराजी," ते हळूच म्हणाले, "तुझं घर कुठलं रं?"

कल्लप्पानं इंजिन सुरू केलं, पुन्हा दणदणाट झाला. पिराजीचं दळण झालं तोवर श्रीपतराव कट्ट्याशी, रांगेतल्या माणसांसारखे, उभेच राहिले. मग पिराजीनं पिठाचा गरम डबा डोक्यावर घेतला आणि हातानंच खूण केली, या मागून.

मारोतीनं रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी नियमानं चालू ठेवली होती. मालक आपल्याकडं यायचं सोडून पुलाकडं, भीमनगरच्या वाटेनं, चाललेले बघून त्यानं काच खाली घेतली, काहीतरी विचारलंही. श्रीपतरावांना ऐकू आलं नाही. पिराजीचं चालणं झपाझप होतं, ते मागं पडत होते. भीमनगरच्या वळणावर पिराजी डोक्यावरचा डबा सावरत थांबला, आणि ते येईपर्यंत तिथंच उभा राहिला.